जागायला आलेली माणसं

मालनला इस्पितळातून घरी आणलं, त्याच संध्याकाळी सासूबाई जानकीबाईंनी सटवाईची पूजा मांडली. मूल जन्मल्यावर सहाव्या रात्री सटवाई येते आणि त्याच्या कपाळावर नशीब लिहून जाते. त्या रात्री घराने जागं राहायचं असतं. पण मालनचं पोट फाडून बाळ काढलेलं, त्यामुळे सहावी रात्र इस्पितळातच गेली होती.

"तिथे नर्सा जाग्या होत्या की," मालन म्हणाली.

"नर्सांक बघून ती परत गेली आसतली," जानकीबाई म्हणाल्या. "तू नीज गो. आज जागूक आमी आसव."

मालनला झोपच हवी होती. झोप नाही मिळाली तर अंगावरचं दूध आटेल, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. वाकायचं नाही, जोर करायचा नाही, खोकला किंवा हसू आलं तर पोटाशी उशी दाबून धरायची. खोकल्याचं मालनला पटलं. हसू कशाला येईल, ते कळलं नाही.

घाटकोपरच्या त्या चाळीत त्यांच्या दोनच खोल्या. आतल्या खोलीत मालनची खाट, तिच्या उशाशी स्टुलावर पूजेचं ताट आणि पलीकडच्या भिंतीशी पाळणा. पाळण्याची दोरी खाटेवरून पुढे नेऊन जानकीबाईंनी स्वतःच्या मनगटाला गुंडाळली.

"दोरी तरी माझ्याकडे द्या."

"टाके ओढतले."

मग शेजारच्या विमलाकाकू चटई घेऊन जागायला आल्या. खाट आणि पाळणा यांच्यामध्ये त्यांनी ती अंथरली.

"तू झोप हं मालन. माझ्या नणंदेचं असंच पोट फाडलं होतं. टाके उसवले ना तिचे. शिंक आली नि संपलं."

"काकू, मी झोपतेय."

"झोप की. नंतर पू झाला ते वेगळंच."

बाहेरच्या खोलीत मालनचा नवरा गुणाजी आणि त्याचा विक्रोळीच्या कारखान्यातला भाऊ नावाचा सोबती पत्ते कुटत होते. सटवाईसाठी जागायचं म्हणून दर हाताला आरडाओरडा. मालन छताकडे बघत दात आवळून पडली. ज्यांनी जागायचं ते जागत होते, आणि तिने झोपायचं तर तिला झोपू देत नव्हते.

हळूहळू पत्ते थांबले. विमलाकाकूंची नणंद अर्ध्यावरच राहिली. मालनने हुश्श केलं, डोळे मिटले, आणि बाळ रडायला लागलं.

कोणी हललं नाही. मालनने मान वळवली. जानकीबाई भिंतीला टेकून घोरत होत्या. विमलाकाकू आडव्या पसरल्या होत्या. उघड्या दारातून गुणाजी आणि भाऊ पत्ते हातात धरूनच कलंडलेले दिसत होते. सगळं जागरण झोपलं होतं.

"अहो," मालनने हाक मारली. आवाज वाढवला की टाक्यांत कळ यायची. "अहो, बाळ भुकेलंय."

गुणाजीने कूस बदलली.

मग तिने खाटेवरून जाणारी दोरी ओढली. पाळणा हलला आणि पलीकडे जानकीबाईंचा हात वर गेला. दोनदा, तीनदा ओढली. सासूबाई झोपेतच आशीर्वाद देत राहिल्या. बाळ क्षणभर गप्प झालं, मग दुप्पट रडायला लागलं. मालनचं डोकं फिरलं. हात पुरेल तिथे फक्त पूजेचं ताट होतं. तिने त्यातली सुपारी उचलली आणि नवऱ्याचा नेम धरला.

पडून मारलेला नेम. सुपारी भाऊच्या टकलावर बसली.

"चोर, चोर," भाऊ ओरडत उठला आणि गुणाजीच्या अंगावर कोसळला. गुणाजीने त्यालाच चोर समजून आवळलं. चाळीचे दिवे लागले. लाठ्या घेऊन माणसं आली ती थेट आतल्या खोलीत. विमलाकाकू किंचाळत उठल्या, आणि त्यांना बघून दारातले आणखी दोघे ओरडले.

"काय गेलं, काय गेलं?" कोणीतरी विचारलं.

"माझी झोप," मालन म्हणाली.

तिने खाटेची कड धरली. एका हाताने पोट दाबून ती उठली, माणसं बाजूला सारत पाळण्यापाशी गेली. जोर करायचा नव्हता, तरी बाळाला उचललं. कळ आली ती तिने सगळ्यांकडे बघत गिळली.

"आता जो या खोलीत थांबेल त्याला वरवंटा घालीन."

खोली रिकामी झाली. जानकीबाईसुद्धा बाहेर गेल्या.

सकाळी मात्र त्या दारात उभ्या राहून चाळभर सांगत होत्या, "डोळ्याक डोळो लागलो नाय माजो. सटवाय इली ती मिया बघलंय. दोरी ओढल्यान तिना. ह्या मनगटाक तीनदा हिसको बसलो."

मालन आतून ऐकत होती. बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. मग पुन्हा उघडलं.

"मलाही दिसली, आई."

जानकीबाई लगबगीने आत आल्या. "काय म्हणाली गो?"

"म्हणाली, बाळंतिणीच्या खोलीत बाळाच्या बापाखेरीज कोणी थांबायचं नाही. आणि बापाने झोपायचं नाही. टाके काढेपर्यंत."

जानकीबाईंनी हात जोडले. गुणाजीने बायकोकडे पाहिलं, मग आईकडे. आईशी वाद घालता आला असता. सटवाईशी कोण घालणार?

त्या रात्री दोरी त्याच्या मनगटाला होती. बाळ रडलं, त्याने आणून दिलं. पुन्हा रडलं, पुन्हा आणलं. मालन मधल्या वेळात गाढ झोपली. पहाटे तिला जाग आली, तेव्हा गुणाजीची मान छातीवर पडत होती. तो दचकला, पूजेच्या रिकाम्या स्टुलाकडे वळला आणि हात जोडून हळूच म्हणाला, "जागा आहे हं बाई. बायकोला विचारा हवं तर."

मालनने घाईघाईने उशी ओढली आणि पोटाशी घट्ट दाबून धरली.