जागरूक उंदीर

जो हालचाल करतो तो काम करतो आणि जो निजतो तो फुकटचं खातो, हे प्रशासनातलं सर्वमान्य सत्य आहे. (बैठकीतली डुलकी चिंतनात धरतात.)

रिसोडच्या एका महाविद्यालयात निता राठोडने पांढऱ्या उंदरांचे दोन गट पाळले होते. एक धडधाकट, दुसऱ्याच्या मेंदूच्या वाढीत जन्मापासूनच दोष. कोण किती पळतो, किती निजतो, हे पिंजऱ्यातलं यंत्र टिपायचं. अशाच दोषापायी ज्या लेकरांना धड झोप लागत नाही, त्यांच्या उपचाराला याचा उपयोग होणार होता. निताच्या बहिणीची मुलगी राखी त्यांतलीच, म्हणून निताचा या कामात जीव होता.

एका दुपारी प्राचार्य जगदेवराव पाहणीला आले. धडधाकट उंदीर गाढ झोपलेले, आजारी मात्र पिंजऱ्यातल्या चाकावर सुसाट. सरांनी पळणाऱ्यांची पाठ थोपटली आणि झोपणाऱ्यांची नावं विचारली.

"सर, उंदीर रातचा जागते अन् दिवसा झोपते," निता म्हणाली. "झोपले तेच चांगले आहेत."

"रातचं काम कोन पाह्यते, मॅडम?" सर म्हणाले. "समिती तं दिवसाच येते."

 कार्यालयीन वेळेत कोणत्याही उंदराने झोपू नये, असा आदेश निघाला. शिपाई शिवम पिंजऱ्यांवर पट्टी वाजवत फिरू लागला. निताने विनवलं, मग अर्ज दिला. (अर्ज विश्रांती घेत आहे.) हळूहळू धडधाकट उंदरांनाही दिवस-रात्र कळेना. एक तर चाकावर पेंगायचा, पडायचा, पुन्हा चढायचा. त्याला पाहून निताला रडू आलं. सरांनी त्याला आदर्श ठरवलं.

तपासणीला आलेल्या समितीला सगळी चाकं फिरताना दिसली. हालचाल शंभर टक्के, आजारी-निरोगी भेद समूळ नष्ट. सरांना शाल-नारळ मिळाला.

"आजारी बरे नाही झाले, सर," निता समितीपुढे म्हणाली. "बरे होते ते आजारी झाले."

अध्यक्षांची मान डोलली. (ते चिंतनात होते.)

निताने नवे उंदीर आणून अडगळीच्या खोलीत ठेवले आणि दाराला कुलूप घालून पाटी लावली: 'आत काम चालू आहे.' आत भर दुपारी उंदीर गाढ झोपतात आणि निता पाय न वाजवता त्यांची झोप मोजते.

बाहेर मात्र सरांची पद्धत आता माणसांनाही लागू झाली आहे. आपण ही कथा वाचायला घेतल्यापासून जागचे हललेले नाहीत, याची नोंद झाली आहे. निदान एक पाय तरी हलवत राहा.