रविवारी भेगा भेटणार

दिवाणखान्याच्या भिंतीला दोन भेगा गेल्या, तेव्हा आईच्या आणि बायकोच्या कपाळाला आठ्या पडल्या आणि भेगाशास्त्र्यांची कळी खुलली. हे त्यांचं ऑफिसातलं टोपणनाव. पुलात किंवा टाकीत एकाच वेळी पडलेल्या अनेक भेगा कशा वाढतील आणि एकमेकींना कशा गाठतील, ते कॉम्प्युटरवर आधीच सांगायचं, हा त्यांचा उद्योग. नदीवरच्या जुन्या पुलाचं काम कोणाच्या मॉडेलला द्यायचं, ते संचालकबाई लवकरच ठरवणार होत्या. ते हुकलं तर आजवरची सगळी मेहनत पाण्यात, हे शास्त्र्यांना पक्कं ठाऊक होतं.

"गवंड्याला बोलावू का?" बायकोनं विचारलं.

"खबरदार! भिंतीला कोणी हात लावायचा नाही."

भेगा बारीक, फोटोत नीट येईनात. म्हणून त्यांनी पेन्सिलीनं त्या गिरवल्या आणि समोर कॅमेरा लावला. रोज आपोआप फोटो निघे आणि थेट मॉडेलमध्ये जाई. कॅमेऱ्याच्या वाटेत पुस्तकांची फळी येत होती. ती त्यांनी काढली आणि समोरच्या पातळ भिंतीत भोकं पाडून तिथे ठोकली.

"अहो, दोन भोकं वरखाली झालीत," बायको म्हणाली.

"भेगांतलं तुला जास्त कळतं की मला?"

बायकोनं हात टेकले.

मग काय, भेगा धावतच सुटल्या! मॉडेल म्हणे, दोघी जवळ आल्या की आधी एकमेकींना टाळतील आणि पुढे जाऊन वळून गाठ घेतील. पडद्यावर अगदी तसंच घडत होतं. शास्त्र्यांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. भिंतीकडे बघायला त्यांना सवड होती कुठे? त्यांनी छाती ठोकून संचालकबाईंना घरीच बोलावलं. "रविवारी संध्याकाळी दोघी भेटणार. डोळ्यांनी बघा, मग पुलाचं ठरवा!"

रविवारी बाई आल्या. चहाला हात न लावता पर्समधलं भिंग काढून भिंतीला नाक लावून उभ्या राहिल्या.

"शास्त्री, भेग तर इथेच संपली. पुढे नुसती पेन्सिल आहे."

शास्त्री स्वयंपाकघराकडे वळून ओरडले, "आई! भिंतीला कोणी हात लावला?"

"ओरडतोस कशाला?" आई स्वयंपाकघरातून फडकं घेऊनच आल्या. "भिंत मळकी दिसायची म्हणून रोज पुसत होते. तुझ्या रेघा जायच्या, म्हणून परत काढून ठेवायचे. हात थरथरतो माझा, रेघ जरा पुढे जायची. समोरासमोर आदळायला लागल्या, तेव्हा एक खाली वळवली. आता ते पण चुकलं का?"

संचालकबाईंना हसू आवरेना. "मॉडेल झकास आहे हो! आई पुढची रेघ कुठे काढणार, ते बरोब्बर सांगतंय. पण पूल काही आई काढत नाहीत." त्यांनी पर्स उचलली.

गेलं! पूल गेला. शास्त्री मटकन समोरच्या भिंतीला टेकून खाली बसले.

वरून टक् असा आवाज आला. त्यांनी मान वर केली. फळीखालच्या त्या वरखाली भोकांमधून दोन भेगा निघाल्या होत्या. एक डावीकडून, एक उजवीकडून.

"बाई, थांबा! बघा, समोरासमोर येतायत. आता टाळणार!"

भेगांनी एकमेकींना टाळलं.

"अहो, बाजूला व्हा!" बायको किंचाळली.

"थांब गं! आता वळणार... वळली! बाई, वळली!"

भेगा भेटल्या. प्लास्टरचा पोपडा, फळी आणि सगळी पुस्तकं धाडकन खाली आली. धुरळ्यातून शास्त्र्यांचं पांढरंफेक डोकं वर आलं. चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. बाई भिंग घेऊन गुडघ्यांवर बसल्या होत्या.

"तंतोतंत," त्या पुटपुटल्या. "सोमवारी पुलावर या. पण भेगा स्वतः बघायच्या."

आई मात्र फडकं मागे लपवून दारातच उभ्या होत्या.

"हे बघ बाबा," त्या घाईघाईनं म्हणाल्या, "ही मी काढलेली नाही हं!"