कॅप्टन ओसुनाची वंशावळ

वंशावळ शोधणं म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ! तीनशे वर्षांपूर्वीचं स्पॅनिश अक्षर मी घरबसल्या व्हिडिओ बघून शिकलोय. म्हणून आत्याला ठोकून दिलं, "तिया देल्फिना, या वेळी कॅप्टनचा झेंडा तुझ्याच हातात!"

आमचं गाव वसवलं स्पेनहून आलेल्या कॅप्टन ओसुनाने. दर सप्टेंबरात मिरवणूक निघते, एकजण लोखंडी टोप घालून कॅप्टन होतो, आणि झेंडा धरायचा मान फक्त त्याच्या वंशजाला. आम्हीही ओसुनाच. पण समितीचा अध्यक्ष फिदेन्सियो ओसुना तीस वर्षं आत्याला एकच विचारतोय, "कागद कुठाय?"

चर्चमधल्या बाप्तिस्म्याच्या वह्या उघडल्या. नऊ पिढ्या सरसर मागे गेलो आणि १७३१ला धडकलो. 'मारिया. वय अंदाजे नऊ. आदिवासी टोळीतून कैद करून आणलेली. आईबाप ठाऊक नाहीत. कॅप्टनच्या स्वयंपाकघरात कामाला. धर्मपिता : कॅप्टन ओसुना.'

मेलो! आडनाव रक्ताचं नाही, बाप्तिस्म्यातल्या धर्मपित्याचं मिळालेलं! आणि कॅप्टनच्या मृत्यूची नोंद म्हणते, मूलबाळ नाही!

घरी पोचतो तर आत्याने आख्खी समिती कॉफीला बोलावलेली.

"वाच, मिहो! वाच रे पोरा!"

"तिया, आधी जरा आत ये ना..."

"लाजतोस काय मेल्या?"

तेवढ्यात फिदेन्सियोने माझ्या हातातली वंशावळीची गुंडाळी हिसकावली. वाचता वाचता उन्हात टांगलेल्या मिरच्यांच्या माळेसारखा लालबुंद होऊन हसायला लागला. "देल्फिना! अगं, तू तर चुलीपासची निघालीस!"

"फिदेन्सियो," मी हळूच म्हटलं, "उजवीकडची फांदी तुझी आहे."

हसू गळालं. सातही सदस्य कागदावर वाकले. ज्याने त्याने आपापल्या नावावर बोट ठेवलं, खाली खाली नेलं. सातही बोटं मारियापाशी येऊन थांबली.

"नऊ वर्षांची?" आत्याने विचारलं.

"हो."

"आणि तिचं कुणीच नाही?"

"वहीत तरी नाही."

"मग हे सगळे?"

"तिचे. चारशे बारा झाले. अजून मोजतोय."

फिदेन्सियोने डोक्यावरची हॅट काढली. मी स्वतः टाइप केलेला तक्ता, पण माझ्याच अंगावर काटा आला! जिच्या बापाचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही, तिचं आख्खं खोरं झालं!

"झेंडा मीच धरणार," आत्या म्हणाली. "त्याच्यावर नाव मात्र तिचं."

"पण नियम..."

"नियमाने तुझाही हात त्याला लागत नाही, फिदेन्सियो!"

त्याने हॅट छातीशी धरली. म्हणाला, "मी मागून चाललो तर चालेल?"

मिरवणुकीत झाडून सगळे आत्याच्या मागे. अडचण एकच. लोखंडी टोप घालून कॅप्टन व्हायला कुणी तयार होईना!

"हे उकरून काढलं कुणी?" फिदेन्सियोने विचारलं. सगळे माझ्याकडे बघायला लागले.

टोप मला नाकापर्यंत येतो. आतून काही दिसत नाही, तेच बरं.