जोमा हवालदारांची नोंद

फिर्याद सांगताना माणूस रडला, तर जोमा हवालदार तेही लिहीत. ‘येथे फिर्यादी रडली. पाणी दिले. पुन्हा रडली.’ कळंबोलीच्या एका ट्रकवाल्याच्या जबाबात त्यांनी त्याच्या तेरा शिव्या क्रमाने उतरवल्या आणि समासात शेरा मारला: ‘एक समजली नाही. पंजाबी असावी.’

मी तेव्हा पनवेलजवळच्या एका ठाण्यात फौजदार होतो. ओरडायचो, “जोमा, कोर्ट हसेल आपल्याला!”

“हसू दे, सायेब. तो बोलला, मी लिवला. कापनारा मी कोन?”

बायको गेल्यापासून ते ठाण्यातच जेवत. साप्ताहिक सुट्टीलाही येऊन बसत.

एका दुपारी वीटभट्टीवरची सगुणा नावाची कातकरी बाई आली. नवरा कालपासून बेपत्ता होता. निम्मं ठाणं मंत्र्यांच्या बंदोबस्ताला गेलेलं. मी म्हणालो, “प्यायला असेल कुठं तरी. उद्या ये.”

जोमांनी डायरीत लिहिलं: ‘साहेब चहा पीत होते. उद्या ये म्हणाले.’

दोन दिवसांनी नवरा भट्टीमागच्या खड्ड्यात सापडला. पाय मोडला होता. आदल्या दिवसापर्यंत जिवंत होता, असं डॉक्टर म्हणाले.

चौकशी लागली. मी सांगितलं, “बाई माझ्यापर्यंत आलीच नाही. हा हवालदार काहीही लिहितो.” पुरावा म्हणून ट्रकवाल्याचा जबाब दाखवला. चौकशी अधिकारी पोट धरून हसले. सगुणाला कुणी विचारलंच नाही. जोमांची बढती गेली, निवृत्तीपर्यंत मुख्यालयाच्या फाटकावर पहारा आला. माझ्याविरुद्ध ते एक शब्द बोलले नाहीत. मला वाटलं, घाबरले.

आता मी अठ्ठ्याहत्तर वर्षांचा आहे. गेल्या महिन्यात सगळं खरं अर्जात लिहिलं आणि तो घेऊन जोमांच्या घरी गेलो. विचारलं, “तेव्हा गप्प का राहिलास?”

“मी तरी कुटं गेलो शोदाया?” ते म्हणाले. “लिवत बसलो. भट्टी काय लांब नव्हती, सायेब.”

तेव्हा कळलं, इतकी वर्षं ते दर आठवड्याला सगुणाकडे जातात. कधी तांदूळ नेतात, कधी सुकट. थोडा वेळ ओट्यावर बसतात आणि परत येतात.

मी अर्ज पुढे केला. पोलीस खात्यातल्या आताच्या वरिष्ठांना देणार आहे, म्हणालो. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला आणि चपला पायांत सरकवल्या.

“सायबांना द्या मागनं. पयला चला, तिला वाचून दाखवा. तिला अजून वाटतं, तिनंच नीट सांगितला नाय.”