मडगार्डवरचे दोन ठोके

चूक माझी होती, हे आधीच सांगून टाकतो. परशराम मिस्त्रींचा हात म्हातारपणी चुकला, असं बेळगावच्या खासबागेतल्या आमच्या गल्लीत सगळ्यांना वाटतं. हात चुकला नव्हता. सव्वीस वर्षं शाळेत गणित शिकवणाऱ्या मी एका मेलेल्या बाईच्या वतीनं खोटं उत्तर दिलं होतं.

परशराम मिस्त्रींना गल्लीत सगळे आप्पाच म्हणतात. घरापुढच्या पत्र्याच्या शेडमध्ये ते फक्त जुन्या गाड्या घेत. कॉम्प्युटर लावून तपासायची गाडी आली की "हिला दवाखान्यात न्हे" म्हणून परत पाठवत. स्वतः मात्र सायकलवर फिरत. केए पासिंगच्या गाडीशी ते कन्नडमध्ये बोलत आणि एमएच पासिंगच्या गाडीशी मराठीत. माझी पंचवीस वर्षांची गाडी कोल्हापुरात घेतलेली, नंतर नंबर बदलून बेळगावचा केलेला. तिच्याशी कुठल्या भाषेत बोलायचं यावर आप्पा दोन दिवस अडले होते. शेवटी म्हणाले, "नट सैल करताना कन्नड, आवळताना मराठी. तिचं ती समजून घील." घाई करणाऱ्या गिऱ्हाइकाला त्यांचं एकच उत्तर असे, "घाई हाय व्हय? मग बसनं जा की."

पण आप्पांची खरी ख्याती वेगळीच होती. टायमिंग बेल्ट बसवताना ते बायकोला विचारत. बायको, म्हणजे सुंदराआक्का, जाऊन तेव्हा सात वर्षं झाली होती.

टायमिंग बेल्ट म्हणजे आतून दात असलेला रबरी पट्टा. इंजिनाचं खालचं चाक आणि वरचं चाक तो एका ठेक्यात फिरवतो. दोन्ही चाकांवर बारीकशी खूण असते. खालची खूण आपल्या जागी आली की त्याच वेळी वरचीही तिच्या जागी हवी, एका दाताचाही फरक चालत नाही. पट्टा चढवल्यावर आप्पा मोठ्या पान्यानं इंजिन हातानंच दोन फेरे फिरवत आणि खुणा पुन्हा बघत. खालची खूण बघायला गाडीचं पुढचं चाक काढून आडवं व्हावं लागे, आणि तिथून वरची दिसत नसे. म्हणून वर आक्का उभ्या राहायच्या. आप्पांना कानानं कमी ऐकू येई, त्यामुळे आक्का मडगार्डवर ठोकून सांगायच्या. एक ठोका म्हणजे नाही. दोन म्हणजे जुळलं. आप्पा पत्र्याला तळवा लावून ते ऐकायचे.

आक्का गेल्या, तरी हे थांबलं नाही.

"जुळलं का गं?" खालून आवाज यायचा. मग तळवा पत्र्यावर, आणि शेडमध्ये चिडीचूप. बाजूला उभ्या गिऱ्हाइकाला हसू फुटायचं, पण ते टिकायचं नाही. कारण आप्पा खरोखर कुणाचं तरी ऐकताना दिसायचे. थोड्या वेळानं म्हणायचे, "न्हाय म्हणती," आणि चढवलेला पट्टा पुन्हा उतरवायचे. एकदा मी मुद्दाम वरून वाकून बघितलं. वरची खूण खरंच एक दात मागं होती. दुपारचे बारा वाजले होते, रस्त्यावर भाजीवाला ओरडत होता, आणि मला त्या शेडमध्ये एक मिनिटही थांबवेना.

आक्का जिथं उभ्या राहायच्या तिथं कुणी जायचं नाही, असा दंडक होता. "तिची जागा हाय ती. तिच्या उजेडात येऊ नको रं."

गेल्या हिवाळ्यात निपाणीला माझ्या भाचीचा साखरपुडा होता. पट्टा बदलायला गाडी आदल्या संध्याकाळपासून आप्पांकडे होती. सकाळी मी जाऊन उभा राहिलो, तर म्हणाले, "मास्तर, तू भाईर जा. च्या पी." मी दोन चहा प्यालो. बायकोचा चौथा फोन आला, "तुमच्या आप्पांना विचारा, आम्हीच बसनं जाऊ का?"

मी परत शेडमध्ये शिरलो. आप्पा गाडीखाली आडवे, तळवा मडगार्डला टेकलेला. "जुळलं का गं?" विचारून झालं होतं. एक मिनिट गेलं, दोन गेली. मी आक्कांच्या जागेवर जाऊन उभा राहिलो. वाकून बघितलं. वरची खूण एक दात मागं. एवढ्याशानं काय होतंय, असं मला वाटलं. वहीत एका चिन्हाची चूक केली म्हणून पोरांना अख्खं गणित पुन्हा करायला लावणारा मी. खिशातून घराची किल्ली काढली आणि मडगार्डवर दोनदा ठोकलं.

खाली बराच वेळ काही हललं नाही. मग आप्पांचा हळू आवाज आला, "बरं. तू म्हणतीस तर."

ते नट आवळू लागले. पान्याच्या प्रत्येक वळणाला वाटत होतं, बोलावं. पाचवा फोन आला.

जाताना काही कळलं नाही, निपाणीकडे उतारच आहे. परतताना तवंदी घाट चढायला घेतला आणि गाडीचा दम संपला. सासूबाई, बायको आणि आमच्याच गल्लीत राहणारा मेव्हणा, सगळे जरीच्या कपड्यात रस्त्याकडेला उभे. कशीबशी गाडी निपाणीत मागं नेली. तिथल्या मेकॅनिकनं झाकण उघडलं. "एक दात मागं हाय की. कुणी बसवलाय ह्यो?"

मी आप्पांचं नाव सांगितलं.

दुसऱ्या दिवशी आप्पांकडे गेलो, तर बातमी माझ्या आधी पोचलेली. त्यांनी एवढंच विचारलं, "पुढं का मागं?"

"मागं."

त्यांनी मान हलवली. शेडमधल्या मोकळ्या जागेकडे बघत राहिले. समोरचा एक वकील जाता जाता म्हणाला, "आप्पा, आक्काचा चष्मा बदला आता." सगळे हसले. मीही हसलो.

त्या दिवसापासून शेडचं शटर खाली आलं. आप्पा कट्ट्यावर बसून राहू लागले. गल्लीतून गाडी गेली तरी ना कन्नड, ना मराठी. मी रोज शाळेला जाताना दुसऱ्या रस्त्यानं जाऊ लागलो. असे सहा महिने गेले.

एका रविवारी सकाळी आप्पाच माझ्या दारात आले. हातात फडक्यात गुंडाळलेला मोठा पाना, इंजिन फिरवायचा.

"घे. शाळंत पोरांस्नी दाखव, गोल कसा फिरतो त्ये. मला आता नको."

"का आप्पा?"

"इच्यारायचं कुणाला? ती आता दोन तोंडानं बोलती."

पाना माझ्या हातात होता आणि पेलवत नव्हता. "आप्पा, ते दोन ठोके माझे होते," मी म्हणालो. "तुम्ही खाली होता. मी किल्लीनं ठोकलं. खूण मागं दिसत होती, तरी ठोकलं."

शिव्या येतील म्हणून मी मान खाली घातली. आप्पांनी शांतपणे विचारलं, "दोनच मारलास?"

"दोनच."

"आणि आधीचा एक?"

"कुठला एक?"

"आठीव नीट. आधी एक झालता. मग मी हात काढायच्या आत दोन. सहा म्हयनं डोकं खातोय माझं, आधी न्हाय म्हणाली, मग लगेच व्हय कशी म्हणाली. अशी न्हवती रं ती."

मी आठवून बघितलं. शेडमध्ये तिसरं कुणी नव्हतं. इंजिन रात्रभर गार पडलेलं, तेव्हा तापलेला पत्रा वाजला म्हणावं तर तेही नाही. किल्ली खिशातून एकदाच निघाली होती. "एक ठोका मी मारला नाही," मी म्हणालो.

आप्पा पायरीवर बसले. "म्हंजे ती न्हायच म्हणालती," ते पुटपुटले. "बरोबर बघितलंतं तिनं." पान्याचं फडकं डोळ्यांना लावलं, तसा गालावर काळा ओरखडा उठला. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तिचं सोडून मी तुझं ऐकलो. माझं मी बघतो तिच्यासंगं. तू तुझं सांग."

"कुणाला?"

"कुणाला म्हंजे? चल."

त्यांनी शटर वर केलं. आत गाडी नव्हती, नुसती तेलाचे डाग पडलेली फरशी. मी आक्कांच्या जागेकडे निघालो, तसा त्यांनी दंड धरला. "तिथं न्हवं. तिच्या जागंवर उभा ऱ्हाऊन तिच्याशी कसा बोलशील? समोर हो."

मी समोर झालो. आप्पा भिंतीकडे तोंड करून उभे राहिले, आमचं बोलणं ऐकू नये म्हणून. मी रिकाम्या जागेपुढे हात जोडले.

"आक्का, तुम्ही नाही म्हणाला होतात. मी तुमच्या नावानं हो म्हटलं, आणि वर हसलोही. माझं चुकलं."