नानांचं भरीत आणि माझी वेबसाइट

अख्ख्या धुळ्यात वेबसाइट काढणारा मी पहिला! निदान आमच्या गल्लीत तरी पहिलाच. साल नव्व्याण्णव. कुणीही यावं, आपल्या गावाबद्दल लिहावं, दुसऱ्याचं चुकलं तर खोडून नीट करावं, अशी माझी वेबसाइट. फक्त ती चालायची सासऱ्यांच्या फोनवर; शेजारच्या त्यांच्या घरून वायर ओढून तो मी माझ्याकडे आणलेला. मी बसलो की भाईदासनानांचा फोन ठप्प!

शेवटी नाना म्हणाले, "जावईबापू, नव्या माणसांना विचारा. कामाची आहे म्हणाले तर फोन ठेवा. नाहीतर मी वायर काढतो!"

मी कचेरीतले तीन रिटायर टायपिस्ट बोलावले: चिंधाआबा, वनाभाऊ आणि तानुबाई. नुसत्या अभिप्रायाला कोण येतंय? म्हणून नानांनी स्वतः भरीत केलं. भरिताच्या बाबतीत नाना कलेक्टरचंही ऐकत नाहीत.

जेवणं झाली, वेबसाइट दाखवून झाली.

"कशी वाटली?"

"एक नंबर शे!" चिंधाआबा म्हणाले.

"काही खटकलं?"

"बठ्ठं झकास शे!" तानुबाईंनाही सगळंच आवडलं. वनाभाऊंनी ढेकर दिला.

"जेवल्यावर कोणी नावं ठेवतं का?" नाना गुरगुरले. "हा अभिप्राय नाही, ही रीत झाली!"

पण माझं डोकं चाललं! "एकेकानं आत जा, दार लावा आणि नाव न घालता वेबसाइटवरच लिहा. अगदी खरं लिहा!"

आतून टायपिंगचा असा कडकडाट झाला की मी खूश! नानांनाच पडद्यासमोर बसवलं.

पहिला अभिप्राय: "वेबसाइट चांगली शे. पन भरीतमा मिरची नही."

दुसरा: "मिरची शे, मीठ नही."

तिसऱ्यानं दोघांना दुरुस्त केलं होतं: "वांगा गॅसवर भाजेल शेतस!"

मेलो! भरिताची वांगी कपाशीच्या काड्यांवर न भाजता गॅसवर भाजणं म्हणजे आमच्याकडे उसना नवरदेव बोहल्यावर चढवणं!

"हाई कोनी लिखं?" नाना गरजले. तिघंही छताकडे बघत होते. नानांनी वायर उपटली, फोन काखेत मारला आणि तरातरा घरी गेले. माझी वेबसाइट संपली. मला रडूच यायचं बाकी होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाना दारात! काखेत फोन.

"जोडा!"

"म्हणजे... वेबसाइट पसंत पडली?"

"पसंत कसली? ते बठ्ठं जगाला दिसतंय ना? माले उत्तर लिखनं शे!"

तेव्हापासून नाना रोज उत्तर लिहितात, ते तिघं रोज खोडतात, नाना पुन्हा लिहितात. फोन वाचला, वेबसाइट जोरात आहे. खुर्ची मात्र मला मिळत नाही.

परवा सासूबाईंनी कौतुकानं विचारलं, "जावईबापू, नानांनी काढलेली वेबसाइट तुम्ही एकदा तरी बघितली का हो?"