दुसऱ्याच्या हातचं पाणी

धोंडीअप्पांवर काहीतरी लिहा, असं मला किती जणांनी सांगितलं असेल. मी टाळत आलो. तोंडी सांगायला माझी कधी हरकत नव्हती. लग्नाच्या पंगतीत, टपरीवर, अगदी दहाव्याच्या घाटावरसुद्धा मी अप्पांचे किस्से सांगून माणसं हसवली आहेत. फक्त दर वेळी त्यातली एक गोष्ट वगळून. ती वगळली की किस्से गमतीचे राहतात. आता अप्पा गेले, माझंही वय झालं, आणि ती वगळलेली गोष्ट काही मला वगळायला तयार नाही.

अप्पांची सगळ्यांना माहीत असलेली तऱ्हा म्हणजे, ते स्वतःच्या मोटारीत स्वतःच्या हातानं पाणी घालत नसत. गाडी तापली की रस्त्याच्या कडेला बाभळीखाली लावायची, बॉनेट उघडायचं, मागून पाण्याचा कॅन काढायचा आणि दगडावर बसून वाट बघायची. गाडीची नव्हे, माणसाची. शेळ्या घेऊन निघालेली एखादी बाई, दूधवाला, नारायणगडाला दर्शनाला निघालेलं जोडपं, जे येईल ते. इंजिन गार होईपर्यंत अप्पा त्यांच्याशी गप्पा मारायचे आणि मग हात जोडून म्हणायचे, "जरा तुमच्या हातानं वता की. माझ्या हातचं पीत न्हाई ती."

"कावून हो?"

"तिलाच इचारा."

बीडपासून चकलांब्यापर्यंत, म्हणजे अप्पांच्या मूळ गावापर्यंत, रस्त्यावरच्या अर्ध्या लोकांनी त्या गाडीला पाणी पाजलेलं होतं. काही बाया तर लांबून गाडी दिसली की न सांगता कळशी घेऊन यायच्या. मोटारीमुळं एवढी सोयरीक जोडलेला दुसरा माणूस मी पाहिलेला नाही.

अप्पांचा जन्म मेंढरांमागं गेला. बायको सोजरबाई पडल्या, कंबरेचं हाड मोडलं, तेव्हा कळप विकून दोघं बीडच्या कडेला माझ्या शेजारी राहायला आले. चार शेळ्या तेवढ्या ठेवल्या. सोजरबाईंना बसची पायरी चढवत नव्हती आणि माहेरची, सासरची माणसं सगळी चकलांब्याच्या बाजूला. म्हणून अप्पांनी एक जुनी पांढरी मोटार घेतली. तिचं पेट्रोलचं इंजिन केव्हाच बसलेलं. रेडिएटरचं आणि वेल्डिंगचं काम करणाऱ्या शफीकभाईंनी त्यात जीपचं डिझेल इंजिन बसवून दिलं. पुढची डावी सीट काढून तिथं सोजरबाईंना पाय लांब करता येतील अशी बाजेसारखी बैठक केली. सगळं झालं, पण इंजिन उंच निघालं आणि बॉनेट बंद होईना. शफीकभाईंनी बॉनेटला भोक पाडलं, त्यावर लोखंडी घमेलं उपडं घातलं आणि रिबिटा मारल्या.

लोक हसले. अप्पा म्हणाले, "वशिंड हाय ते. वशिंडाबिगर जनावराला शोभा न्हाई."

गाडीचं नाव भुरी. सकाळी भुरीजवळ जाऊन अप्पा बाजूचा आरसा मुठीत धरायचे. शेळीचा ताप कान धरून बघतात, म्हणून. मी म्हणायचो, "अप्पा, तो काचेचा आहे." ते म्हणायचे, "कान कशाचा का असंना, गार पायजे." आणि गाडी मागं घ्यायची नाही. "जनावर उलट्या पायानं चालवू न्हाई." त्यामुळं वळायचं तर पुढं जाऊन एखादं मोकळं रान शोधून मोठा फेरा मारायचा. एकदा आमच्या गल्लीतल्या लग्नाच्या मांडवाला त्यांनी प्रदक्षिणा घातली होती. वऱ्हाडाला वाटलं, नवरदेवच आला. बँडही वाजला.

हे सगळं खरं. पण या माणसाचा खरा लौकिक होता तो त्याच्या हातासाठी. शेळी अडली, पिल्लू आडवं आलं की लोक अप्पांना बोलवायला येत. अप्पा कोपरापर्यंत तेल लावायचे, डोळे मिटायचे आणि आत हात घालून पिल्लू असं वळवायचे की शेळी ओरडायचीसुद्धा नाही. बदल्यात गुळाचा चहा, बाकी काही नाही. "हाताला गुण हाय अप्पांच्या," असं चकलांब्याकडचे लोक देवाचं नाव घ्यावं तसं म्हणायचे.

मी बसच्या कार्यशाळेतला निवृत्त फोरमन. इंजिनाच्या बाबतीत आमच्या गल्लीत माझ्या शब्दापुढं शब्द नव्हता. पहिल्या उन्हाळ्यात भुरीचा उष्णतेचा काटा जरा वर जायला लागला तेव्हा अप्पा माझ्याकडंच आले. मी बघितलं. बोअरच्या पाण्यानं रेडिएटरमध्ये क्षार धरले होते, ते साफ करून घेतले. एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण मी थर्मोस्टॅटही काढून टाकला. थर्मोस्टॅट म्हणजे एक छोटं झाकण. इंजिन गार असताना ते पाणी अडवतं, तापलं की उघडून रेडिएटरकडं सोडतं. आमच्या उन्हाच्या मुलखात ते काढून फेकायचं, हा आम्हा सगळ्या मिस्त्र्यांचा धर्म. "अडवणारंच कशाला ठेवायचं?" मी म्हणालो. अप्पांनी मान डोलावली.

आणि भुरी पहिल्यापेक्षा जास्त उकळायला लागली.

मी रेडिएटरचं टोपण बदललं. पंख्याचा पट्टा आवळला. पाण्याचा पंप बदलला. हवा अडकली असेल म्हणून गाडी चढावर लावून पाणी भरलं. कूलंट म्हणून हिरवं पाणी मिळतं, तेही घातलं. वरचा पाइप चटका द्यायचा आणि खालचा गार. म्हणजे पाणी रेडिएटरमधून फिरतच नव्हतं. हे कळत होतं, पण का फिरत नाही ते कळत नव्हतं. अप्पा रोज संध्याकाळी येऊन उभे राहायचे. शेवटी एके दिवशी शफीकभाईंच्या दुकानात चहा चालला होता, पाच-सात माणसं होती, आणि अप्पा आले.

"क्या अप्पा, आज फिर बुखार?" शफीकभाई म्हणाले.

"गेवराईपर्यंत दोनदा थांबलो. फोरमन, कायतरी राहतंय बगा तुमचं."

सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. मला ते झोंबलं. मी म्हणालो, "माझं काही राहिलेलं नाही. इंजिन ठणठणीत आहे. अप्पा, तुमच्या हातालाच गुण नाही. तुम्ही पाणी घातलं की उकळतं."

केवढा हशा झाला! अप्पाही हसले. हसता हसता त्यांनी उजवा हात उलटा-सुलटा करून पाहिला आणि धोतराला पुसला.

त्यानंतर ते पाणी दुसऱ्याच्या हातानं घालून घ्यायला लागले. मला वाटलं, अप्पा माझा विनोद पुढं चालवतायत. मी तो किस्सा चवीनं सांगायला लागलो. मग एके सकाळी एक माणूस अडलेली शेळी टेंपोत घालून अप्पांच्या दारात आला. अप्पा ओट्यावरून उठले नाहीत.

"दवाखान्यात न्ये बाबा. माझ्या हाताला गुण न्हाई राह्यला."

"कुणी सांगितलं बे तुला?" माणूस त्यांच्या बरोबरीचा होता, चिडून बोलला.

"फोरमन म्हणले. जाणता माणूस हाय."

मी कुंपणाच्या अलीकडं दात घासत उभा होतो. तसाच आत गेलो.

पुढच्या वर्षी धर्मापुरीच्या एका ओळखीच्या माणसाची जीप माझ्याकडं आली. तेच इंजिन. उघडलं आणि बघत राहिलो. त्या थर्मोस्टॅटला खालून आणखी एक तबकडी असते. वरचं झाकण रेडिएटरची वाट उघडतं, तेव्हा खालची तबकडी पाण्याची इंजिनातल्या इंजिनात फिरायची जवळची वाट बंद करते. आमच्या जुन्या बसला हे नव्हतं. भुरीचा थर्मोस्टॅट मी काढून टाकला, तेव्हा जवळची वाट कायमची उघडी राहिली. पाणी सोपी वाट धरतं. ते इंजिनातच गरगरत राहिलं, रेडिएटरकडं गेलंच नाही.

मी नवा थर्मोस्टॅट आणला आणि अप्पांच्या नकळत बसवला. भुरी चकलांब्याला जाऊन आली, काटा हलला नाही. अप्पा धावत आले. मी सांगणार होतो, खरंच सांगणार होतो. पण त्यांनी माझे दोन्ही हात धरून कपाळाला लावले. "फोरमन, गुण हाय तुमच्या हाताला! सोजर, बग, फोरमननं भुरी बरी केली." आतून सोजरबाई म्हणाल्या, "त्यान्ला च्या तरी पाजा." मीही सोपी वाट धरली. चहा प्यालो.

गाडी बरी झाली, तरी अप्पांचा हात काही बरा झाला नाही. भुरीचं पाणी ते मला हाक मारून घालून घेत. एखाद्या शेळीचं पिल्लू अडलं तर दवाखान्यातला माणूस येई आणि अप्पा लांब, भिंतीकडं तोंड करून बसत.

सोजरबाई अंथरुणाला खिळल्या त्या दिवसांत मी रोज दुपारी जायचो. एका दुपारी त्यांनी डोळे उघडले, नवऱ्याकडं बघितलं आणि पाणी मागितलं. अप्पांनी तांब्यातून फुलपात्रात पाणी ओतलं. उठले. उशाशी गेले आणि थांबले. मग वळून फुलपात्र माझ्यापुढं धरलं.

"तुमी पाजा, फोरमन. माझा हात नगं."

"अप्पा, त्या तुमच्याकडं मागतायत."

"म्हणूनच म्हणतो. पाजा. तिला बरं वाटलं पायजे."

सोजरबाई त्यांच्याकडंच बघत होत्या. मी पाजलं. दोन घोट गेले, उरलेलं ओघळलं. ते अप्पांनी धोतराच्या सोग्यानं टिपलं, हात लागणार नाही असं. संध्याकाळी त्या गेल्या.

भुरीचा काढलेला जुना थर्मोस्टॅट माझ्या हत्यारांच्या पेटीत पडून होता; नंतर कैकदा मी तो खिशात घालून शेजारी गेलो. एकदा सुरुवातही केली. "अप्पा, ती गाडी तेव्हा..." ते म्हणाले, "गाडी बेस हाय. तुमचं लई उपकार हायत." डाव्या बाजूची बैठक त्यांनी काढली नव्हती. तिच्यावर सोजरबाईंचं लुगडं घडी करून ठेवलेलं असायचं आणि अप्पा अजूनही खड्ड्यावर गाडी हळू घ्यायचे. मी बसून राहिलो आणि उठून आलो.

या उन्हाळ्यात अप्पा झोपेतच गेले. अंगणात त्यांना निजवलं होतं. एकेक जण पुढं होऊन तोंडात पाणी घालत होता. चकलांब्याहून आलेला पुतण्या म्हणाला, "फोरमनकाकाला आधी येऊ द्या. अप्पा म्हणायचे, त्यांच्या हाताला गुण हाय."

लोक बाजूला झाले. मी खाली वाकलो. त्यांचा उजवा हात पोटावर ठेवलेला होता. तो मी धरला. गार होता. इतकी वर्षं घोकलेलं वाक्य तयार होतं. अप्पा, झाकण मी काढलं होतं, तुमच्या हातात काही खोट नव्हती, मला माफ करा. मागं गर्दी होती, कुणीतरी तुळशीचं पान पुढं केलं, पुतण्या म्हणाला, "घाला काका." मी पाणी घातलं. वाक्य तसंच राहिलं.